पुस्तके जमिनीखाली, वाचक उजेडात. आणि आपण खिडकीबाहेर!

एखाद्या विद्यापीठाने लाखो पुस्तके जमिनीखाली ५० फूट खोल ठेवली आहेत असे कोणी सांगितले, तर आपल्या मनात पहिला प्रश्न येतो: कोणापासून लपवली? हा प्रश्न आपल्याला इतिहासाने शिकवला आहे. या देशात ग्रंथ एका जातीच्या पोथीत बांधलेले राहिले. बाबासाहेबांसारख्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. ज्ञान दडवणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही.

पण अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या मॅन्सुएटो ग्रंथालयाची गोष्ट वेगळी आहे. ती आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते. तिच्यातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत आणि एका गोष्टीपासून सावध राहायचे आहे.

हे ग्रंथालय २०११ साली सुरू झाले. त्याचा आराखडा हेल्मुट यान या वास्तुविशारदाचा. जमिनीवर दिसतो तो फक्त काचेचा लांबट घुमट, २४० फूट लांब आणि १२० फूट रुंद. घुमटाखाली वाचनकक्ष आहे, १८० जणांच्या बसण्याची सोय आहे. काचेवर बारीक ठिपके छापलेले आहेत, त्यामुळे उजेड आत येतो पण उन्हाची धग कमी होते. त्याच मजल्यावर जुन्या, जीर्ण पुस्तकांची डागडुजी करणारी प्रयोगशाळा आहे. खरे कोठार मात्र वाचकांच्या पायाखाली आहे. तिथे ३५ लाख ग्रंथ मावतील एवढी जागा आहे.

या रचनेमागचा विचार साधा आहे. माणसाला वाचायला उजेड लागतो, तर कागदाला उजेड, उष्णता आणि दमट हवा मारक ठरते. म्हणून माणसे वर आणि कागद खाली, थंड आणि कोरड्या हवेत. खाली माणसांची वर्दळ नाही. उंच मांडण्यांवर पेट्या रचलेल्या आहेत आणि पाच यंत्रे त्या पेट्या काढतात-ठेवतात. पुस्तके विषयानुसार लावलेली नाहीत, आकारानुसार लावली आहेत. त्यामुळे नेहमीच्या कपाटांपेक्षा कितीतरी कमी जागेत ती बसतात. वाचकाने संगणकावर मागणी नोंदवायची, यंत्र पेटी वर आणते, ग्रंथालयाचा कर्मचारी त्यातून पुस्तक काढून देतो. साधारण पाच मिनिटांत पुस्तक हातात.

पहिली घेण्यासारखी गोष्ट इथेच आहे. जागा कमी पडू लागली की मोठमोठी विद्यापीठे पुस्तके शहराबाहेरच्या गोदामात पाठवतात आणि वाचक दिवस-दिवस वाट पाहतो. शिकागोने ती वाट धरली नाही. पुस्तके विद्यापीठाच्या मध्यभागीच राहिली पाहिजेत असे ठरवले, आणि त्यासाठी ८ कोटी १० लाख डॉलर खर्च केले. हा खर्च ई-पुस्तकांच्या काळात केला, हे लक्षात घ्या. 'आता सगळं मोबाईलवर मिळतं, ग्रंथालय कशाला?' असे आपल्या पोरांना सांगणाऱ्यांना एवढेच विचारा: मग जगातली श्रीमंत विद्यापीठे छापील पुस्तकांसाठी जमीन का खोदतात?

दुसरी गोष्ट जतनाची. आपल्या चळवळीचा कागद आज कुठे आहे? जुन्या 'जनता'चे, 'प्रबुद्ध भारत'चे अंक, परिषदांची पत्रके, जलशांच्या पुस्तिका, जयंतीच्या स्मरणिका हे सगळे कोणाच्या तरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडलेले असते. म्हातारा कार्यकर्ता जातो, घर बदलते आणि पेटी रद्दीवाल्याकडे जाते. उरलेले वाळवी खाते. बाबासाहेबांनी हे दुःख स्वतः सोसले. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके नेणारे जहाज युद्धात बुडाले. त्याच माणसाने पुढे दादरला राजगृह बांधले तेव्हा घरात ग्रंथांसाठी जागा आधी पाहिली. आपण मात्र पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी वर्गणी काढतो आणि त्या कागदासाठी एक कोरडी खोलीही शोधत नाही.

आता सावध राहायची गोष्ट. यंत्राला जात कळत नाही, हे खरे. पण यंत्र फक्त मागितलेले पुस्तक देते. काय मागायचे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी बंद कोठार उत्तम. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्याला पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव कुठून माहीत असणार? त्याचे शिक्षण उघड्या कपाटापुढे होते. एक पुस्तक शोधायला जावे आणि शेजारचे तीन हाताला लागावेत, असे. शिकागोत हे चालते, कारण मॅन्सुएटोला जोडूनच रेगेन्स्टाइन हे जुने, मोठे ग्रंथालय आहे आणि तिथे वाचक स्वतः कपाटांमधून फिरू शकतो. जमिनीखालचे कोठार उघड्या कपाटांना जोड म्हणून आले, त्यांना हटवून आले नाही. शिवाय ते खाजगी, महागडे विद्यापीठ आहे, तिथल्या दारातून कोण आत जातो हा प्रश्न घुमट कितीही पारदर्शक असला तरी सुटत नाही.

आपल्याकडे मात्र दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. कोठार नाही आणि कपाटही बंद. आमच्यापैकी अनेकांनी महाविद्यालयात खिडकीबाहेर उभे राहून चिठ्ठी सरकवली आहे. आतून उत्तर यायचे, 'पुस्तक बाहेर गेलंय'. मागच्या कपाटात ते पुस्तक दिसत असायचे, कुलपाआड. आपण पुस्तक पळवू, फाडू, असे गृहीत धरलेले. ही खिडकी कोणत्याही नियमात जातीचे नाव घेत नाही, पण तिच्याबाहेर सर्वात जास्त वेळ कोण उभे राहते ते आपल्याला माहीत आहे.

आणि आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिका? बाबासाहेबांच्या नावाची पाटी, आत खुर्च्या, पंखा, भिंतीवर वेळापत्रक. पोरे स्वतःची स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन येतात आणि तीच घेऊन जातात. अभ्यासिकेची गरज आहेच, दहा बाय दहाच्या घरात अभ्यास होत नाही. पण कपाटाशिवायची अभ्यासिका म्हणजे फक्त बसायची जागा. परीक्षा संपली की वाचन संपते, आणि चळवळीला वाचक मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक अभ्यासिकेत एक तरी उघडे कपाट असावे, कुलूप न लावलेले. महाविद्यालयांत खिडकी बंद करून विद्यार्थ्यांना कपाटापर्यंत जाऊ द्या, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या मागणीइतक्याच जोराने करावी. प्रत्येक जिल्ह्यात चळवळीचा जुना कागद गोळा करून कोरड्या, बंदिस्त जागेत ठेवावा, त्याची यादी करावी आणि ती यादी सर्वांना खुली असावी. यंत्रे आणि काचेचा घुमट आपल्याला परवडणार नाही. यादी, कोरडी खोली आणि विश्वासू माणूस एवढे परवडते.

ग्रंथालयाची परीक्षा एकाच प्रश्नाने घ्या: पुस्तक मागितल्यापासून ते हातात येईपर्यंत किती वेळ लागतो? शिकागोत पाच मिनिटे लागतात. येत्या जयंतीला मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आपल्या वस्तीबद्दल विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय बैठक संपवू नका.

जय भीम!