सुईआधी सांगा
मानोऱ्याच्या तांड्यावर, पहिले मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस राहिलेली बाई सोयाबीनच्या सोंगणीला जाते तेव्हा तिच्या अंगात रक्त उरत नाही. पाळणा लांबवायची साधने सरकारी दवाखान्यात मोफत आहेत: तांबी, ‘छाया’ गोळी, दर ३ महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन. पण तांबी काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, ‘अंतरा’नंतर मात्र शेवटच्या सुईपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. वर्षभरात दुसरे मूल हवे असलेल्या बाईला हे न सांगता सुई टोचणे हा अन्यायच. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. शंभर वर्षांनंतरही निर्णय सासूच घेत असेल, तर आशाताईंनी नवऱ्यालाही समोर बसवावे आणि बोलू मात्र सुनेला द्यावे.