अंकांशी गट्टी : बाराचे तुकडे

बालमित्रांनो, बाई वर्गात अवयव पाडायला सांगतात, तेव्हा 'याचा उपयोग काय?' असं मनात येतं ना? आज तेच बघू.

भजनात पेटी, टाळ, मृदंग सारे एकदम वाजतात. तरी त्यातला पेटीचा स्वर आपला कान चटकन ओळखतो. संगणकाला मात्र ते गणित करूनच शोधावं लागतं. ठरावीक अंतराने आवाजाची मापे घ्यायची आणि त्यांत कोणकोणती कंपने मिसळली आहेत ते काढायचं. याला 'फूरिये रूपांतर' म्हणतात.

सरळ रीतीने केलं, तर १२ मापांना १२ × १२ = १४४ गुणाकार लागतात. आणि १०२४ मापांना? तब्बल १०,४८,५७६!

१८०५ च्या सुमारास जर्मन गणिती गाउस 'पॅलास' या लघुग्रहाची कक्षा काढत होते. हाताशी १२ मापे होती. त्यांनी बाराचे अवयव पाडले : ३ × ४. आपणही तसंच करू. चार-चार मापांचे ३ गट केले, की गुणाकार ३ × १६ = ४८. मग त्यांची उत्तरे तीन-तीनच्या ४ गटांत जुळवायची, म्हणजे ४ × ९ = ३६. मधल्या जोडकामाचे ६. बेरीज फक्त ९०!

गाउसनी ही युक्ती छापलीच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती लॅटिनमध्ये छापली गेली, पण फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे जमिनीखालचे अणुस्फोट भूकंपमापकाच्या नोंदींवरून ओळखण्याची निकड निर्माण झाली. त्यासाठी झटपट हिशेब हवा होता. १९६५ मध्ये अमेरिकेत कूली आणि ट्यूकी यांनी हीच युक्ती नव्याने मांडली.

आता तुकडे दोनाचे पाडावेत की चाराचे? १०२४ चे दोन-दोनने पाडले, तर १० पायऱ्या आणि प्रत्येकीत ५१२ गुणाकार, एकूण ५,१२०. चार-चारने पाडले, तर पायऱ्या ५ आणि प्रत्येकीत ७६८, एकूण ३,८४०. चाराची रीत सरस! पण ५१२ घेतले, तर चाराचे तुकडे पाडता पाडता शेवटी एक २ उरतोच. तिथे दोन्ही रीती मिसळाव्या लागतात.

आणि १३ आले तर? मूळसंख्या! तिचे तुकडे कसे पाडणार? १९६८ मध्ये रेडर यांनी वाट काढली. पहिलं माप बाजूला ठेवायचं, उरलेल्या १२ मापांचा क्रम बदलायचा, की काम पुन्हा आपल्या ओळखीच्या बारावर येतं.

म्हणजे सगळ्यात चांगली रीत एकच नाही. ती आकड्यावर ठरते. म्हणून गणित दिसलं की लगेच गुणाकाराला भिडू नका. आधी आकडा फोडून बघा.

या आठवड्याचं कोडं : मापे १५ आहेत. ३ × ५ असे तुकडे पाडले, तर २२५ पैकी किती गुणाकार वाचतील? (जोडकामाचे धरू नका.) आईबाबांनाही घाला हे कोडं!