शिळे म्हणजे टाकाऊ नव्हे

मुलांचा वाढदिवस असो की दिवाळीचे स्नेहसंमेलन, कार्यक्रम आटोपल्यावर हॉलच्या ओट्यावर एक गोष्ट हमखास उरते, ती म्हणजे नान. पनीर संपते, छोले संपतात, भातही बहुतेक संपतो. नान मात्र ‘कमी पडायला नकोत’ म्हणून माणशी दोन धरलेले असतात, आणि मुले अर्ध्यावर उठून खेळायला पळालेली असतात. मग आवराआवर सुरू होते. कोणीतरी म्हणते, “भाजी तर संपली, आता नुसते नान कशाशी खाणार?” आणि सगळा गठ्ठा ब्राऊन बिनमध्ये जातो. घरीही तेच. टेकअवेबरोबर आलेला जास्तीचा नान दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो आणि तिसऱ्या दिवशी कडक झाला म्हणून जातो.

‘कशाशी खाणार?’ हा प्रश्नच आम्हाला पटत नाही. नान हा मुळात फारसी शब्द, त्याचा अर्थच पाव किंवा भाकरी. (मुलांनो, इथे सगळे ‘नान ब्रेड’ म्हणतात, म्हणजे ‘पाव पाव’!) पोळी उरली तर आपण भाजीची वाट पाहत बसतो का? पण आपल्या आज्यांच्या घरी तंदूर नव्हता. नान हॉटेलात खायचा, त्यामुळे उरलेल्या नानचे काय करायचे हे कोणी शिकवले नाही. उरलेल्या पोळीचे मात्र भरपूर शिकवले होते: फोडणीची पोळी, कुस्करा, गुळाचा लाडू, ताकातली पोळी. तीच विद्या नानला लावायची, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी थोडे शास्त्र, कारण आम्ही पडलो इंजिनिअर. पाव किंवा नान शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी घेऊन फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे कण पुन्हा घट्ट रचले जातात, म्हणून नान चिवट होतो. गंमत म्हणजे हा बदल फ्रीजच्या थंडाव्यात सर्वात वेगाने होतो, आणि फ्रीजरमध्ये जवळजवळ थांबतो. म्हणून उरलेले नान त्याच रात्री पिशवीत घट्ट बांधून थेट फ्रीजरमध्ये ठेवावेत. खाताना पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केले की ते पुन्हा मऊ होतात. बुरशी दिसली तर मात्र अख्खा नान टाकावा, तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये.

आता आमच्या घरी चालणारे चार प्रकार.

१) फोडणीचा नान. नान पोळीसारखा हाताने कुस्करला जात नाही, कारण मैद्याला ताण फार. म्हणून आधी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कोरडा करून घ्यावा, मग हाताने बारीक तुकडे करावेत. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची आणि कांद्याची फोडणी करावी. त्यात तुकडे, मीठ, चिमूटभर साखर घालून परतावे. वरून पाण्याचा हबका मारून दोन मिनिटे झाकण ठेवावे. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. नानमध्ये आधीच मीठ असते, हे मीठ घालताना विसरू नये.

२) ताकातला नान. सोडा ब्रेडच्या कृपेने आयर्लंडमध्ये बटरमिल्क कोणत्याही दुकानात मिळते. ते छान आंबट आणि दाट असते, त्यात पाणी घालून घ्यावे. जिरे-मिरचीची फोडणी थोडी निवू द्यावी, त्यात ताक ओतावे आणि नानचे तुकडे भिजू द्यावेत. उकळी आणू नये, ताक फुटते.

३) गुळाचा लाडू. यासाठी साधा नान हवा, लसणीचा अजिबात नको! कडक भाजलेल्या नानचा मिक्सरमध्ये चुरा करावा, त्यात किसलेला गूळ, तूप आणि वेलची घालून लाडू वळावेत. हे काम मुलांकडे द्यावे. लाडू वाकडे झाले तरी चालतात.

४) डब्यासाठी नान. लोणी लावून, हिरवी चटणी, काकडी आणि आयरिश चेडर घालून दुमडावा व तव्यावर दाबून भाजावा. हा थंडही खाता येतो आणि शाळेत कोणी नाक मुरडत नाही.

काही पालक म्हणतील, आता परिस्थिती चांगली आहे, मुलांना शिळे कशाला घालायचे? शंका रास्त आहे. ‘शिळे’ हा शब्द आपल्याकडेही फारसा मानाचा नाही. जुनाच विषय कोणी पुन्हा उकरला तर आपण ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणतो. पण त्याच आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि आदल्या दिवशीचेच जेवायचे. ज्या संस्कृतीने शिळ्यासाठी चक्क एक सण ठेवला, तिच्या मुलांनी शिळ्याची लाज का बाळगावी?

आणि ज्या देशात आपण राहतो, त्याची तरी रीत कुठे वेगळी आहे? डब्लिनच्या बेकऱ्यांमध्ये ‘गर केक’ मिळतो. (आपल्या गुळाशी त्याचा संबंध नाही.) उरलेला पाव आणि केक यांचा चुरा, सुका मेवा व चहाचे पाणी एकत्र करून दोन पातळ थरांमध्ये घालायचे आणि भाजायचे, असा हा प्रकार. कॉर्कमध्ये त्यालाच ‘चेस्टर केक’ म्हणतात. इथल्या जुन्या पिढीला ‘गुडी’ आठवते, म्हणजे गरम दुधात साखर घालून कुस्करलेला पाव. आपल्या दूध-पोळीची ही सख्खी बहीण!

हे साम्य उगाच आलेले नाही. दोन्हीकडच्या लोकांनी उपास काढले आहेत. आयर्लंडचा १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ मुले इथल्या शाळेत शिकतात. पण महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ, तेव्हा वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो याबद्दल त्यांना कोण सांगणार? ते आजी-आजोबांनी सांगायचे आणि आपण विचारायचे. ताटात टाकू नये असे आजी का म्हणते, हे तेव्हा कळते. नुसते ‘वेस्ट करू नको’ म्हणून कळत नाही.

आमच्या मते खरा तोटा नानच्या पैशांचा नाही, शब्दांचा आहे. वर्गात मुले बाराखडी शिकतात, ‘माझा आवडता सण’ यावर दहा ओळी लिहितात. पण कुस्करणे, चुरणे, परतणे, वळणे, हबका मारणे, चिमूटभर, वाफ काढणे हे शब्द फळ्यावर लिहून येत नाहीत. ते हात खरकटे करून येतात. नान बिनमध्ये गेला की हे शब्दही त्याच्याबरोबर जातात, आणि मुलांच्या मराठीत फक्त ‘खा’, ‘पुरे’ आणि ‘लवकर आटप’ एवढेच उरते.

तेव्हा आमच्या दोन सूचना आहेत. पहिली पालकांना: पुढच्या कार्यक्रमाला नान माणशी एकच धरावा, आणि प्रत्येक घराने एक रिकामा डबा आणावा. उरलेले नान त्याच रात्री वाटून न्यावेत. दुसरी मुलांना: त्या आठवड्यात घरी उरलेल्या नानचे काहीतरी करा आणि पुढच्या वर्गात येऊन त्याची कृती मराठीत सांगा. इंग्रजी शब्द आला तर अडखळा, बाईंना विचारा, पण थांबू नका. आणि हो, लाडू केलात तर चार जास्तीचे आणा. उरणार नाहीत, याची हमी आमची.