फुकटच्या टोपीचे अडीच हजार

सध्या एक टोपी दिसली की माझं डोकंच फिरतं. ट्रकर हॅट म्हणतात तिला. समोर फोमचा उभा तुकडा, मागे प्लास्टिकची जाळी, मापासाठी टिचबटणांची पट्टी. फोमवर मावळता सूर्य, एक लाट आणि कारखान्यातच फिका करून ठेवलेला पिवळा रंग. किंमत अडीच हजार. का, तर म्हणे 'विंटेज' आणि 'सर्फ काउंटरकल्चर'!

मंडळी, ही मुळात अमेरिकेतली फुकटची टोपी. १९६०-७० च्या दशकांत पशुखाद्य, बियाणं, ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्या शेतकऱ्यांना आणि ट्रकवाल्यांना ती वाटायच्या. फोम स्वस्त, वर कंपनीचं नाव मोठ्ठं छापता येतं. जाळीतून वारा लागतो. तिला 'गिम्मी कॅप'च म्हणायचे, म्हणजे 'मला पण एक द्या की' टोपी. आपल्याकडे बियाणं कंपन्या गावात टोप्या वाटतात ना, तोच प्रकार. ती घालून गावचे काका हिंजवडीत आले तर आपण गालातल्या गालात हसणार. तीच अडीच हजारांना घेतली की आपण कूल!

बरं, सर्फिंगचं काय? हा हवाईच्या लोकांचा जुना खेळ. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मालिबूला नोकरीबिकरी न करता लाटांवर दिवस काढणारी काही पोरं होती. १९५९ साली 'गिजेट' सिनेमा आला आणि किनाऱ्यावर जत्रा भरली. तिथला दादा मिकी डोरा या गर्दीला शिव्या घालायचा आणि तसल्याच सिनेमांत स्टंट करून पैसे घ्यायचा. संत नव्हता तो. पण निदान सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला तरी जात नव्हता!

आणि आज हे बंड कोणाच्या मालकीचं आहे? क्विकसिल्व्हर १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की गावात सुरू झाली, बिलाबाँग १९७३ साली गोल्ड कोस्टला. सर्फर पोरांनीच सर्फरांसाठी चड्ड्या शिवल्या. २०२३ पासून दोन्ही नावं ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे आहेत. एल्विस आणि मेरिलिन मन्रो यांच्या नावांचे हक्कही त्यांचेच. ते नाव सांभाळतात, माल बनवायचं लायसन्स दुसऱ्यांना देतात. अमेरिकेत असं लायसन्स घेऊन दुकानं चालवणारी कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचं नाव काय असावं? लिबरेटेड ब्रँड्स! (शप्पथ, मी बनवत नाहीये.) आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच, आतला कोड सगळा उडवलेला.

'आवडते म्हणून घालतो' म्हणाल, तर खुशाल घाला. मे महिन्यात जाळी कामाचीच आहे. फक्त दुकानदाराकडे फोड करून बिल मागा: टोपीचे दोनशे, बंडखोरीचे तेवीसशे. बघा काय म्हणतो ते.