मामांची गच्ची आणि अणूचं घड्याळ

मागच्या रविवारी केडगावला मामांकडे गेलो होतो. मामेबहिणीचं फिजिक्सचं बी.एस्सी. संपत आलंय. तिला एम.एस्सी. करून लेझरच्या प्रयोगशाळेत जायचंय, तर मामांना वाटतं तिने कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागावं. घरात इंजिनियर मी एकटाच, म्हणून पंच म्हणून मला बोलावलेलं! "तूच सांग रे, त्या लेझरचा उपयोग काय?"

तेवढ्यात न थांबणारी एक एक्सप्रेस भोंगा देत गेली... येताना आवाज चढा, जाताना उतरलेला. म्हटलं, मामा, इथूनच सुरू करू. लेझरचा रंग अणूला हवा त्यापेक्षा किंचित उतरता ठेवायचा. जो अणू लेझरच्या दिशेने धावतो, त्यालाच तो चढून बरोबर भासतो. मग तो प्रकाश शोषतो, धक्का खातो आणि मंदावतो. चहूबाजूंनी असं केलं की अणू जवळजवळ थिजतात. या कामाला 1997 चं नोबेल मिळालं. आता दुसरा स्थिर लेझर त्या शांत अणूशी जुळवायचा आणि प्रकाशाची आंदोलनं मोजायची. झालं घड्याळ! स्ट्रॉन्शियमची सेकंदाला सुमारे 429 लाख कोटी आंदोलनं होतात.

अशा उत्तम घड्याळाला एक सेंटिमीटर उंचीचा फरकही कळतो. गुरुत्वाकर्षणामुळे 3 मीटर उंच गच्चीवरचं घड्याळ वर्षाला साधारण 10 नॅनोसेकंद पुढे जातं.

"म्हणजे गच्चीवर झोपलो तर लवकर म्हातारा होणार?" मामा.

होणार, पण काळजी नको :-)

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र हे नाही. एका नॅनोसेकंदात प्रकाश 30 सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळ चुकलं की उपग्रहाने सांगितलेली जागाही चुकते. आपल्या आयआरएनएसएस-1ए उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली अणुघड्याळं 2016 मध्ये बंद पडली आणि तो उपग्रह जागा सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 वर भारतात बनलेलं रुबिडियमचं घड्याळ गेलं. घड्याळ विकत मिळतं हो, ते बनवणारी माणसं विकत मिळत नाहीत. ती अशा प्रयोगशाळांतूनच तयार होतात. पुण्यात आयुकामध्ये सुभदीप डे यांचा गट यटर्बियमच्या आयनावरचं घड्याळ उभारतोय, आणि आयसरमध्येही थंड अणूंवर काम चालतं. दौंडच्या गाडीने पुण्याला यायचं, बस्स.

पीएच.डी.ची वर्षं लांब, पैसा कमी, जागा मोजक्या, हे मी लपवलं नाही. पण मी ज्या सर्व्हरांवर पोट भरतो, त्यांची घड्याळं जुळली नाहीत तर लॉगमध्ये उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसतो! त्यांना वेळ पुरवणारी साखळीही शेवटी अणुघड्याळापाशीच पोचते. माझ्यासारखे कोड लिहिणारे गल्लोगल्ली आहेत. एक अणू हवेत धरून ठेवता येणारे कितीसे असतील? आणि तिथे तिला इलेक्ट्रॉनिक्स, व्हॅक्यूम, प्रोग्रॅमिंग सगळंच शिकावं लागेल, उपाशी नक्की राहणार नाही.

पंचाचा निकाल: तिला जाऊ द्या.

मामा काही बोलले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, "ते आयुका पुणे स्टेशनपासून किती लांब आहे रे?"