होयचे बहुमत

मला एक वाईट खोड आहे. विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मी वाचतो. ज्यांच्या नशिबी हे वाचन आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोलिसांबद्दलचा प्रश्न साधारण असा असतो: अमुक पोलीस ठाण्यात अमुक इसमाला मारहाण झाली, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले व दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय? आणि गृहखात्याचं उत्तर: हे अंशतः खरे आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. प्रश्न उद्भवत नाही.

कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे पुढे कोणी विचारत नाही. उपप्रश्नाची वेळ येते तेव्हा प्रश्नकर्ता लॉबीत चहा पीत असतो, किंवा सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झालेलं असतं.

गृहखात्याला जाब विचारायला हत्यारं कमी आहेत म्हणूनच असं होतं, हे मला पटत नाही. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, नियम २९३ ची चर्चा आहे, आश्वासन समिती आहे, हक्कभंग आहे. विरोधी आमदारांना ही सगळी तोंडपाठ असतात. ते ती वापरत नाहीत, कारण गृहखातं उद्या त्यांनाही हवं असतं.

२०२५ चं पावसाळी अधिवेशन बघा. त्याची पार्श्वभूमी अशी. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी धरपकड केली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. त्याच आठवड्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं. गृहखातं सांभाळणाऱ्या मुख्यमंत्र्यांनी सभागृहाला सांगितलं, की चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती.

पुढे दंडाधिकारीय चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं. ४ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. ३० जुलैला तिथेही हात हलवत परत यावं लागलं.

मुख्यमंत्री जाणूनबुजून खोटं बोलले, असं माझं म्हणणं नाही. खात्याने लिहून दिलं, ते त्यांनी सांगितलं, एवढंच झालं असेल. पण मग सभागृहात जे निवेदन झालं ते कुणाचं? ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्याच खात्याचं. फिर्याद पोलिसांविरुद्ध, तपास पोलिसांचा, निवेदनाचा मसुदाही पोलिसांचा, आणि वाचून दाखवणारे सभागृहाचे नेते. हे निवेदन आणि दंडाधिकाऱ्याचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून ‘यातलं खरं काय?’ असं गृहमंत्र्याला समोर बसवून विचारायची जागा महाराष्ट्राच्या विधिमंडळात नाही. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, सार्वजनिक उपक्रम समिती आहे. गृहखात्याच्या कारभारावर सतत लक्ष ठेवणारी, कागद मागवणारी, अधिकाऱ्यांना बोलावणारी स्थायी समिती नाही. (केरळात विषय समित्या आहेत. तिथे खात्याचा मंत्रीच समितीचा अध्यक्ष असतो, तेव्हा फार हुरळून जायला नको.)

४ जुलैला उच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा मुंबईत अधिवेशन भरलेलं होतं. सहा दिवसांनी, १० जुलैला, विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. म्हणजे कोठडीतल्या मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हा नोंदवा असं न्यायालय सांगतं, आणि आठवड्याच्या आत लोकप्रतिनिधी त्याच पोलिसांच्या हातात आणखी एक दांडका देतात. संघटना बेकायदा ठरवायची, तिच्या सदस्याला विनाजामीन आत टाकायचं, सात वर्षांपर्यंत शिक्षा करायची. हे विधेयक आधी संयुक्त समितीकडे गेलं होतं. चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. समितीने विधेयकाचा रोख ‘कडव्या डाव्या’ संघटनांपुरता असल्याचं लिहून घेतलं, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला. कडवा कोण आणि डावा कोण हे सरकार ठरवणार, हे मात्र जसंच्या तसं राहिलं.

सरकारचं मी समजू शकतो. सरकारला अधिकार हवेच असतात, ते मागणारच. माझा खरा राग विरोधकांवर आहे. समितीत जयंत पाटील होते, नाना पटोले होते, जितेंद्र आव्हाड होते, अंबादास दानवे होते. एरवी माईक दिसला की लोकशाहीची हत्या झाल्याचं जाहीर करणारी ही मंडळी. समितीच्या अहवालाला यांच्यापैकी एकानेही भिन्न मतपत्रिका जोडली नाही. मुख्यमंत्र्यांना सभागृहात ‘अहवाल एकमताचा आहे’ असं सांगायची सोय यांनीच करून दिली. विधानसभेत स्पष्ट ‘नाही’ म्हणाले ते डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकुलते एक आमदार. बाकीच्यांना जाग आली ती दुसऱ्या दिवशी, विधान परिषदेत, तेव्हा सभात्याग झाला. पाहुणे जेवून गेल्यावर भात करपल्याची तक्रार करावी, तसा हा सभात्याग.

‘आमचं संख्याबळच नाही,’ हे त्यांचं उत्तर मी ऐकलेलं आहे. खरं आहे, संख्याबळ नाही. विधानसभेला तेव्हा विरोधी पक्षनेताही नव्हता. पण भिन्न मतपत्रिकेला संख्याबळ लागत नाही. एक कागद लागतो आणि तो लिहायला एक संध्याकाळ. लोकांनी बारा हजारांवर सूचना-हरकती लिहून पाठवल्या. त्यांच्यापैकी कितीजणांनी पदरचे पैसे घालून झेरॉक्स काढल्या असतील, टपाल केलं असेल. या आमदारांना तेवढंही जमलं नाही?

जमलं नाही असं नाही. करायचं नव्हतं. इथे मला आमदार आणि पोलीस ठाणं यांच्या नात्याबद्दल बोललं पाहिजे, कारण सभागृहातल्या मौनाचं मूळ तिथे आहे. कोणत्याही पक्षाच्या आमदाराला गृहखात्याकडून नक्की काय हवं असतं? कोठडीतल्या मृत्यूचा अहवाल? मुळीच नाही. त्याला आपल्या मतदारसंघात ‘आपला’ पीआय हवा असतो. आंदोलनाच्या वेळी आपल्या पोरांवरची कलमं सौम्य लागावीत आणि समोरच्याच्या पोरांवरची कडक, ही अपेक्षा असते. एसपी नीट बोलत नसेल तर तो बदलून हवा असतो. ज्या खात्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बदल्यांची यादी घेऊन जायचं, त्याच खात्याला जुलैमध्ये कोंडीत पकडायचं, हे कोणत्या शहाण्याला सुचेल?

म्हणून तर २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं, की पोलीस अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ द्या, तक्रार प्राधिकरणं नेमा. आणि महाराष्ट्राने काय केलं? २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. कार्यकाळ दिला. मग त्याच दुरुस्तीत ‘अपवादात्मक परिस्थितीत, जनहितार्थ आणि प्रशासकीय निकड म्हणून’ मुदतपूर्व बदलीची खिडकीही ठेवली. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत ती उघडण्याची चावी मुख्यमंत्र्यांकडे. तेव्हा सत्तेत काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते. जे आज ‘पोलीसराज’ म्हणून ओरडतात, तेच. खिडकी त्यांनी केली, आज वारा दुसऱ्यांना लागतो आहे, एवढीच त्यांची तक्रार.

दिल्लीची तऱ्हा वेगळी. तिथे पोलिसांबद्दल विचारलं की गृहराज्यमंत्री सातवी अनुसूची दाखवतात: पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसभेला आकडे मिळाले. मार्च २०२२ अखेरच्या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू. सर्वाधिक गुजरातेत, ८०, त्याखालोखाल महाराष्ट्रात, ७६. आकडे दिले, अनुसूची दाखवली, मंत्री खाली बसले. आता तेच ७६ मुंबईत विचारा. उत्तर येईल, न्यायप्रविष्ट. न्यायप्रविष्ट प्रकरणावर बोलायचं नाही हा सभागृहाने स्वतःवर घालून घेतलेला संयम आहे, खटल्यावर परिणाम होऊ नये म्हणून. पोलीस ठाण्यातला कॅमेरा बंद का होता, हे विचारल्याने कोणत्या खटल्यावर परिणाम होतो? सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच दिला आहे. राज्यातल्या किती ठाण्यांतले कॅमेरे आज सकाळी चालू होते, हे विचारल्याने कोणाचाही खटला बिघडत नाही.

आणि जिथे विषय पूर्णपणे दिल्लीचाच असतो, तिथे तरी काय होतं? १३ डिसेंबर २०२३ ला दोन तरुण प्रेक्षक दीर्घेतून लोकसभेत उतरले आणि धूर सोडला. गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं, एवढी विरोधकांची मागणी होती. त्यासाठी घोषणा, फलक, गोंधळ. आणि मग निलंबन. अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार बाहेर. आपल्याकडच्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही त्यात. अशा अर्ध्या रिकाम्या विरोधी बाकांसमोर २० डिसेंबरला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम मंजूर झाले. १८६० चं भारतीय दंड विधान गेलं, आणि ते गेलं तेव्हा ‘नाही’ म्हणायला माणसं जागेवर नव्हती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पंधरा दिवसांची पोलीस कोठडी एकदम घ्यायची गरज नाही. पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. सुटलो असं वाटलेल्या माणसाला पुन्हा ठाण्यात नेता येतं. यावर गृहखात्याच्या संसदीय स्थायी समितीत खल झाला होता म्हणे. त्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बृजलाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक.

याला भाजपची खास देणगी समजून काँग्रेसवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा १६ तारखेला मांडला गेला आणि १८ ला राज्यसभेतूनही बाहेर पडला. यूएपीएची (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याची) दुरुस्तीही त्याच धडाक्यात. गृहमंत्री पी. चिदंबरम होते, आणि कायदा कडक होतोय म्हणून समोरच्या बाकांवर आनंदच होता. त्या तीन दिवसांत कोणी स्थायी समितीचं नाव काढलं असतं तर त्याला देशद्रोही ठरवलं गेलं असतं.

विलायतेचे गोडवे गाण्याची मला हौस नाही, पण एक उदाहरण टोचून ठेवतो. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री अँबर रड यांनी संसदेच्या गृह समितीसमोर सांगितलं, की स्थलांतरितांना हाकलण्याची उद्दिष्टं ठरवलेली नाहीत. ती ठरवलेली होती. कागद बाहेर आले आणि चार दिवसांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. अनवधानाने दिशाभूल झाली, असं त्यांनी लिहून दिलं. तिथले पोलीस संत नाहीत, सरकारही नाही. समितीसमोरचं वाक्य मंत्र्याच्या अंगाशी येऊ शकतं, एवढाच काय तो फरक.

परभणीच्या निवेदनावर विरोधकांनी एक साधी मागणी करून बघावी: ते निवेदन कोणत्या अधिकाऱ्याच्या कोणत्या अहवालावरून तयार झालं, तो अहवाल पटलावर ठेवा. आणि सर्वोच्च न्यायालयात जायचा निर्णय कोणी, कोणत्या टिपणीवर घेतला, तेही ठेवा. सभागृह बंद पाडायची गरज नाही, पायऱ्यांवर फलक धरायचीही नाही. ही मागणी ते करणार नाहीत याची मला खात्री आहे. पोलिसांवर नजर ठेवायचं काम औरंगाबाद खंडपीठ करतं आहेच. आमदारांना मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांकडे जायचं आहे, बदल्यांची यादी खिशात आहे.