मोटारीच्या बैठकीचें कातडें : आधीं ओळख, मग उपचार

मोटारीची बैठक कोरडी दिसूं लागली, कीं घरांतील कोणीतरी वडीलधारें मनुष्य खोबरेल तेलाची बाटली पुढें करतें. कोल्हापुरी वहाण तेल पिऊन मऊ होते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यामागें असतो. परंतु वहाणेचा न्याय बैठकीस लागू पडत नाहीं.

वहाणेचें कातडें बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत कमावितात. त्याचा पृष्ठभाग उघडा राहतो, म्हणून तें तेल शोषून घेतें. इ. स. १८८४ मध्यें अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यांनीं क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमाविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि पुढें हा मार्ग जगभर रूढ झाला. मोटारीसाठीं पुष्कळसें कातडें असेंच कमावून त्यावर रंगाचा व पारदर्शक लेपाचा पातळ थर चढवितात. आपला हात लागतो तो या थरास. तेल त्यांतून आंत शिरत नाहीं. वर चिकट राहून धूळ मात्र ओढून घेतें.

तेव्हां प्रथम ओळख पटवावी. बैठकीच्या झांकलेल्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मोत्यासारखा वर राहिला, तर कातडें लेप दिलेलें समजावें. थेंब मुरून जागा काळपट झाली, तर तें बहुधा ‘ॲनिलीन’ जातीचें, म्हणजे केवळ आंतून रंगविलेलें, उंची पण नाजूक कातडें होय. मखमलीसारखी लव असेल, तर तें स्वेड किंवा नूबक. याच लवेची हुबेहूब नक्कल करणारें अल्कान्तारा नांवाचें कृत्रिम वस्त्र जपानच्या मियोशी ओकामोतो यांनीं १९७० साली सिद्ध केलें. त्यांत कातड्याचा अंशही नसतो. राहिलें तें आपलें परिचित रेक्झीन. त्यावरहि थेंब टिकतो, म्हणून शिवणीच्या आंतील किंवा बैठकीखालील उलटी बाजू पाहावी. खऱ्या कातड्याची उलटी बाजू लोकरीच्या नमद्यासारखी तंतुमय दिसते, तर रेक्झिनाखालीं विणलेलें कापड आढळतें. एकाच बैठकीत मध्यभागीं कातडें व कडेस रेक्झीन, असाहि प्रकार सर्रास असतो.

आतां निगा. लेप दिलेल्या कातड्यावरील धूळ आधीं मऊ फडक्यानें झाडावी, मग दुसरें फडकें पाण्यांत भिजवून घट्ट पिळून पुसावें व लगेच कोरडें करावें. कपड्यांचा साबण व सोडा वर्ज्य. कातड्याची प्रकृति किंचित् आम्ल असते, आणि क्षारानें तिचा बिघाड होतो. ॲनिलीन कातडें कोरड्या फडक्यानेंच पुसावें. त्यावर सांडलेलें कांहींहि न घासतां टिपून घ्यावें. लवेच्या कातड्यास मऊ कुंचला पुरे. रेक्झिनास तेलाचा कांहींच उपयोग नाहीं. एका जातींतील मऊपणा आणणारें द्रव्य उन्हानें हळूहळू निघून जातें व तें तडकतें. दुसरी जात दमट हवेनें विघटन पावून पापुद्रे सोडते, आणि कोंकणपट्टींत हें विशेष लौकर घडतें.

सर्वांस सारखेच शत्रु तीन : ऊन, ओल आणि केंसांचें तेल. मोटार सांवलींत उभी करावी. पावसाळ्यांत ती बंद ठेवून बुरशीस आमंत्रण देऊं नये. उघाडीच्या दिवशीं दारें उघडून वारा खेळूं द्यावा. डोकें टेकण्याच्या जागीं धुतां येईल असें सुती वस्त्र घालावें.

शेवटीं एक गोष्ट खरेदीपूर्वींची. मोटारींतील कातडें बहुतेक गोवंशाचें असतें. कांहीं घरांत श्रद्धेनें, कांहींत अहिंसेच्या विचारानें तें नको असतें. उलट कांहींस खरें कातडेंच हवें असतें. विक्रेत्याच्या तोंडीं ‘लेदर’ हा एकच शब्द दोहोंसाठीं असल्यामुळें पहिल्यांचें मन दुखावतें व दुसऱ्यांचें द्रव्य फुकट जातें. म्हणून कोणता भाग कशाचा आहे, हें पैसे देण्यापूर्वीं लेखी मागून घ्यावें. वस्तु काय आहे हें ठाऊक असलें, म्हणजे तिची सेवाहि योग्य घडते आणि घरांतील कोणाच्या मनास बोल लागत नाहीं.